बॅटमॅनच्या 'ट्रॉमा'ला काय म्हणावं?

रात्रपाळी: दिवाळी अंकासाठी सुपरहिरोपटांतल्या मनोव्यापारांवर लिहितोय. लहानग्या ब्रूस वेनच्या (म्हणजे पुढच्या बॅटमॅनच्या) डोळ्यांदेखत आईबापांचा खून होतो, त्याचं मनात जे राहतं त्याला मी 'आघात' लिहिलं. संपादकबाईंचा शेरा: "उष्माघात, पक्षाघात आठवतो." दुसरा शब्द सुचवा.

तिरकी_रेघ: आघात होतो नि संपतो. उरतो तो धसका. आमच्या शेजारची पोर विहिरीत पडून वाचली, पुढे बादलीभर पाण्यालाही बिचकायची. आजी म्हणायची, धसका घेतलाय हो तिनं. 'बॅटमॅन बिगिन्स'मधला (२००५) ब्रूससुद्धा विहिरीतच पडतो की!

खवचट_काका: वटवाघळांचा धसका, मान्य. पण खुनाचं काय? मी घाबरलो, ऑपेरा अर्धवट सोडायला लावला, म्हणून आईबाप त्या गल्लीत सापडले, असं त्याला वाटत राहतं. त्याला सल म्हणतात. 'आयर्न मॅन ३'मध्ये न्यूयॉर्कच्या लढाईचं नाव काढलं की टोनी स्टार्कचा, म्हणजे आयर्न मॅनचाच, श्वास कोंडतो, तो खरा धसका.

शुद्धमती: ट्रॉमा म्हणजे ग्रीकमध्ये जखम. 'मनोव्रण' करा, प्रश्न मिटला.

तिरकी_रेघ: संस्कृतात असेल 'व्रण' म्हणजे जखम. मराठीत व्रण म्हणजे जखम भरल्यावर राहिलेली खूण. 'द डार्क नाइट'मधला बॅटमॅनचा वैरी जोकर तोंडावरच्या व्रणांची एकदा बापाची गोष्ट सांगतो, एकदा बायकोची. कुठली खरी, कळतच नाही, आणि म्हणूनच तो अंगावर येतो. २०१९च्या 'जोकर' सिनेमात त्याचं सगळं बालपण उलगडून दाखवलंय, मला तो निम्मासुद्धा भिववत नाही. (मारा दगड.)

वॉर्ड_नं_चार: ट्रॉमाच ठेवा ना, कळतं सगळ्यांना.
अवांतर: आमच्याकडे 'ट्रॉमा आलाय' म्हणजे बाइकवरून पडलेला पेशंट.

शुद्धमती: म्हणजे नाहीच कळत! उसना शब्द, तोही अर्धवट अर्थाचा.

रात्रपाळी: काका, 'सल' आवडला. 'ब्रूसच्या मनातली सल' असं लिहितो.

खवचट_काका: मनातला! तो सल.

तिरकी_रेघ: ती सल. आमच्या घरात कुणी 'तो' म्हटलेलं ऐकलं नाही.

शुद्धमती: मूळ शब्द शल्य, तो नपुंसकलिंगी.

खवचट_काका: शल्य नपुंसकलिंगी म्हणून सल पण? मग 'ते सल' म्हणून दाखवा एकदा मोठ्यानं.

वॉर्ड_नं_चार: ती सल +१