मदत हवी आहे: आईचा एमआरआय पुन्हा करायचाय, पण ती तयार नाही

आईचं वय ७४, तिला कमी ऐकू येतं. गेल्या आठवड्यात कमरेचा एमआरआय करायला नेलं होतं. आत जाताना कानातलं यंत्र काढावंच लागतं, त्यामुळे सूचना तिला ऐकूच गेल्या नाहीत. घाबरल्यावर दाबायचा रबरी फुगा असतो ना, तोही हातात दिला नव्हता. ती हलली, तर टेक्निशियन येऊन ओरडला, "आजी, कळत नाही का?" गाऊनची नाडी सुटलेली, पाठ उघडी, आणि ती तशीच थरथरत बसलेली. डोळ्यांसमोरून जात नाही हो. तपासणी अर्धवट राहिली.

डॉक्टर म्हणतात, एमआरआय लागेलच. आई म्हणते, "मेले तरी त्या बोगद्यात जाणार नाही."

महाराष्ट्रात २०२१ पासून नर्सिंग होमच्या नियमांत रुग्णहक्कांची सनद आहे, हे माहीत आहे. पण आत्ता भांडायची ताकद नाही. तिला कुणी मायेनं सांभाळून घ्यावं, एवढंच हवंय.

तुमच्यापैकी कुणी अंगावरचं सगळं धातूचं काढून पेशंटचा पाय धरून आत थांबलंय का? या वयात गुंगीचं औषध कसं मानवतं? ऐकू न येणाऱ्या माणसाशी खुणा आधी कशा ठरवल्यात? पुण्यात समजून घेणारं सेंटर माहीत असेल तर कृपया कळवा. पुढच्या गुरुवारची वेळ मिळाली आहे.