अग्निशमन दल नेमके कोणाचे?
महाराष्ट्रातील सर्व अग्निशमन केंद्रे राज्याच्या एकाच खात्याकडे आहेत, असे एका वाचकाने प्रतिसादात म्हटले आहे, ते बरोबर नाही. गोव्यात तशी रचना आहे. पणजीतील अग्निशमन व आपत्कालीन सेवा संचालनालय राज्यभरची केंद्रे चालवते. महाराष्ट्रात मात्र दल त्या त्या महापालिकेचे किंवा नगरपालिकेचे, औद्योगिक वसाहतींत एमआयडीसीचे असते आणि राज्य संचालनालयाकडे मुख्यतः प्रशिक्षण, तांत्रिक मार्गदर्शन व २००६च्या आग प्रतिबंधक कायद्याशी संबंधित कामे असतात. मला खरी काळजी वाटते ती खेड्यांची, कारण कडब्याची गंजी पेटली की बंब बहुधा जवळच्या नगरपालिकेतून यावा लागतो आणि तोवर माणसे विहिरीवरची मोटर सुरू करून बादल्यांनी पाणी मारत राहतात.