मध्यमा पास झाली, पण गाणं कुठंय?

कृष्णाकाठ (सांगली): पुतणी गाण्याची 'मध्यमा पूर्ण' ही परीक्षा प्रथम श्रेणीत पास झाली. गणपतीत "एक बंदिश म्हण" म्हटलं, तर तंबोऱ्याशी सा जुळेना. भूप रागाचे आरोह-अवरोह मात्र घडाघडा. माझं मत स्पष्ट आहे: विष्णु दिगंबर पलुस्करबुवांनी गाणं वर्गात आणलं, तिथंच त्याचा गळा आवळला. स्वतः ते मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे वर्षानुवर्षं शिकले. आम्हाला मात्र तासिका!

गावभागवाली: भाऊ, गुरुगृही कोणाच्या मुली राहत होत्या, ते सांगा आधी. माझ्या आजीला गाण्याचं वेड, पण बुवांकडे शिकायला पाठवतो कोण? १९०१ साली लाहोरात पलुस्करांचं गांधर्व महाविद्यालय निघालं, ते राजाच्या मेहेरबानीवर नाही, लोकांच्या वर्गणीवर आणि तिकिटाच्या मैफलींवर चाललं. फी भरा, शिका. तुमची पुतणी तंबोऱ्यापर्यंत पोचली, तीही त्याच वाटेनं.

खालचा_सा: दोघांचंही थोडं चुकतंय. पलुस्करांनी फक्त तासिका काढल्या नाहीत. त्यांचा उपदेशक वर्ग होता: मुलं जवळ ठेवायची, नऊ वर्षांचा करार, खाणंपिणं बुवांकडे. ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन हे मोठे गवई त्यांच्याच हाताखाली तयार झाले. विद्यालयाची मुंबईची इमारत कर्जात गेली, ती गेलीच. १९३१ ला बुवा मिरजेत वारले, आणि या परीक्षा घेणारं अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ त्यानंतर शिष्यांनी स्थापन केलं. आजच्या परीक्षांचा जो कारखाना झालाय, त्याचं खापर मेलेल्या माणसावर कशाला?

कृष्णाकाठ: मान्य. पण नऊ वर्षांचा भाग गळाला आणि प्रमाणपत्र उरलं, हे तर खरं ना? परीक्षेला दोन महिने उरले की क्लासमध्ये नुसतं नोटेशन (स्वरलिपी) उतरवून घेतात.

गावभागवाली: ते क्लासवाल्याला सांगा! चिजा स्वरलिपीत छापणारी भातखंड्यांची क्रमिक पुस्तकं नसती तर कितीतरी चिजा घराण्यांबरोबर स्मशानात गेल्या असत्या. कागदावर लिहिलेलं गाणं नाही, ठीक; पण पत्ता तरी आहे.

विश्रामबागकर: मला एवढंच दिसतं, तंबोरे मिरजेत बनतात, २०२४ ला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं म्हणून आपण पेढे वाटले. आणि दहा किलोमीटरवरच्या क्लासात पोरं मोबाईलच्या अ‍ॅपवर सा लावतात. जवारी लागलेला (घोडी घासून तार झंकारेल असा केलेला) तंबोरा कानाशी झंकारला नाही तर सा कशाशी जुळवायचा, ते पोरांना कळणार कसं? यात पद्धतीचा दोष कमी, आपल्या चिकटपणाचा जास्त. (माझाही. घरचा तंबोरा माळ्यावर आहे, खुंट्या फिरत नाहीत.)

कृष्णाकाठ: हे लागलं मनाला. पोरगी म्हणते, पुढची परीक्षा, विशारद, करणारच. रविवारी मिरजेला जातोय. बायकी (बायकांच्या आवाजाच्या पट्टीचा) तंबोरा घ्यायचाय, जवारी नीट काढून देणारे कोणी?

खालचा_सा: सतारमेकर गल्लीत जा, पण एकटे नको. पुतणीला न्या, तिच्या पट्टीत तारा जुळवून घ्या.