घरातल्या कुंडीतलं लिंबू: पानं भरपूर, फूल एकही नाही

मृद्गंध:
नमस्कार. बैठकीच्या खोलीत लिंबाचं झाड आहे, १४ इंची कुंडीत. माझ्या खांद्याएवढं झालंय. पानं गडद, चकचकीत, चुरगाळलं की वास दरवळतो, पण कळी म्हणून कधी दिसली नाही. खिडकी पूर्वेची, सकाळचं ऊन दोन-अडीच तास. रोज थोडं पाणी घालते आणि मधूनमधून युरियाचं पातळ पाणी. रोप कलमाचं म्हणूनच दिलं होतं. मला गॅलरी नाही, त्यामुळे झाड बाहेर काढता येत नाही. घरात फूल येईल का? या झाडावर फार जीव आहे, खरं ते सांगा.

खुरपं:
येईल. आधी कलमाचा सांधा शोधा. मातीच्या वर चार-सहा इंचांवर खोडाला गाठ किंवा वाकण दिसेल. दिसलं नाही तर झाड बियांचं असू शकतं. मग लिंबालाही फुलायला चार-पाच वर्षं लागतात, घरात त्याहून जास्त. तसं असेल तर शेंडे सारखे छाटू नका, फुलणं अजून लांबतं.

आंबटगोड:
खुरपंदादांनी सांगितलेलं आधी बघाच. पण ताई, तुमच्या वर्णनात मला दुसरंच दिसतंय: या झाडाला उजेड कमी आहे आणि नत्र जास्त. युरिया आजच थांबवा. त्याने पालवी येते, आणि झाड पालवीतच रमतं.

उजेडाच्या बाबतीत तडजोड नको. लिंबूवर्गाला सहा ते आठ तास थेट ऊन लागतं. खिडकीपासून हातभर आत सरकलं तरी उजेड झपाट्याने घटतो, आपल्या डोळ्यांना मात्र ते जाणवत नाही. पूर्वेच्या खिडकीला पांढऱ्या एलईडी ग्रो लाइटची, म्हणजे रोपं वाढवायच्या दिव्याची, जोड द्या. शेंड्यापासून फूटभर वर, रोज बारा तास. दोन-तीन महिने हे नीट झालं, पानांत-फांद्यांत अन्न साठलं, की मगच फुलाची गोष्ट.

फूल धरायला झाडाची वाढ थांबावी लागते. ती दोन गोष्टींनी थांबते, थंडीने किंवा पाण्याच्या ताणाने, म्हणजे काही काळ पाणी तोडून किंवा कमी करून. रात्री १० ते १५ अंश राहील अशी खोली सहा-आठ आठवडे मिळाली तर उत्तम. फक्त कुंडी गार फरशीवर ठेवू नका, खाली लाकडी पाट द्या. मुळं १२-१३ अंशांच्या खाली गेली की पाणी ओढत नाहीत, आणि वर ऊन लागत असेल तर हिरवी पानं सटासट गळतात. घर उबदारच असेल तर ताण द्यायचा.

खुरपं:
ताणाबद्दल माझा विरोध नोंदवतो. जमिनीतली मुळं खोल जातात, म्हणून बागेला महिना-दीड महिना पाणी तोडता येतं. कुंडी चार दिवसांत कोरडी ठाक होते आणि पाणी शोषणारी बारीक पांढरी मुळी मरते.

आंबटगोड:
बरोबर आहे, म्हणूनच कुंडीतला ताण सौम्य हवा. दुपारी पानं किंचित मलूल दिसली की नेहमीच्या निम्मं पाणी, असं तीन-चार आठवडे. पानं गळू लागली तर लगेच थांबा. साठवलेलं अन्न पानांतही असतं, ती गेली की बहारही गेला. मग भरपूर पाणी देऊन ताण तोडा आणि संतुलित खत सुरू करा, ज्यात लोह, जस्त, मँगनीज आहे. एरवीही रोज घोटभर पाणी नको. बोटभर माती सुकली की कुंडीच्या भोकातून वाहीपर्यंत द्या.

मृद्गंध:
सांधा सापडला! पण त्याच्या खालून एक जाड, सरळ, काटेरी फांदी वर गेलीय. सगळ्यात उंच तीच. तिचं पान तीन-तीन पानांचं आहे.

आंबटगोड:
मग अर्धं उत्तर सापडलं. ती खुंटाची, म्हणजे ज्या मुळाच्या झाडावर तुमचं लिंबू बांधलंय त्याची, फूट आहे. तीनपानी खुंट वापरलाय म्हणून ओळखता आली. खुंट दुसऱ्या जातीचा असता तर पान साधंच असतं, म्हणून फांदी निघते कुठून तेच बघायचं. ती बुडापासून काढा, थोटूक ठेवू नका, परत फुटते. सांध्याच्या वरचं झाड किती उरतंय, फोटो टाका. निम्म्याहून जास्त पालवी जात असेल तर मुळांना तेवढं पाणी लागणार नाही, ते कमी करा.

फुलं आली की मऊ ब्रशने एका फुलातला पराग दुसऱ्यावर फिरवा. लिंबू स्वतःच्या परागावर धरतं, फक्त घरात वारा आणि मधमाशी नसते. बहुतेक फुलं आणि वाटाण्याएवढी फळं गळतीलच, त्याने घाबरू नका.

खुरपं:
फांदी काढताना पानांची खालची बाजूही बघून घ्या. घरात खवले कीड आणि पिठ्या ढेकूण लपून बसतात. पान चिकट लागलं तर ओल्या फडक्याने पुसून काढा, मग कडुनिंबाचं तेल साबणाच्या पाण्यात मिसळून संध्याकाळी फवारा.