गाइडच्या सहीवर अडलेली पीएच.डी. आणि तक्रारीचा प्रश्न

खानापूरची मावशी
माझी भाची बेळगाव भागातल्या एका विद्यापीठात पीएच.डी. करते. तिचे गाइड रात्री-अपरात्री नको तसले संदेश पाठवतात, प्रबंधाचे प्रकरण तपासायला घरी एकटी ये म्हणतात, आणि तिने स्पष्ट नकार दिल्यापासून तिचा सहामाही प्रगती अहवाल त्यांच्याकडे सहीविना पडून आहे. त्या सहीवर तिची फेलोशिप अवलंबून आहे. घरातली वडीलधारी मंडळी म्हणतात, हे गृहस्थ मराठी कार्यक्रमांत व्यासपीठावर असतात, आपलेच आहेत, तक्रार केली तर मराठी माणसाचीच नाचक्की होईल. तेव्हा तिच्या वडिलांनी त्यांना भेटून गोडीने मिटवावे. तिने काय करावे?

निवृत्त प्राध्यापिका, धारवाड
मी काही काळ महाविद्यालयाच्या अंतर्गत तक्रार समितीवर, म्हणजे लैंगिक छळाच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या समितीवर, होते. सर्वांत आधी वडिलांची ती भेट थांबवा, कारण अशा भेटीनंतर ‘मुलीकडच्यांनीच येऊन समजूत घातली’ एवढेच समोरच्याच्या हाती उरते. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात सलोख्याची तरतूद आहे, पण ती केवळ पीडित स्त्रीने स्वतः विनंती केली तरच, आणि पैशाची देवघेव त्या सलोख्याचा आधार होऊ शकत नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या नियमावलीनुसार समितीची अध्यक्ष वरिष्ठ प्राध्यापिका असते, प्रकरण विद्यार्थिनीचे असेल तर विद्यार्थी सदस्य असतात, बाहेरच्या संस्थेची एक व्यक्ती असते; कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाता किंवा विभागप्रमुख यांना समितीवर बसताच येत नाही. हे मुद्दाम सांगते, कारण गाइडचे विभागप्रमुखांशी घरोब्याचे संबंध आहेत म्हणून मुली गप्प बसतात.

तुमच्या भाचीच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. चौकशी चालू असताना, आरोप असलेल्या व्यक्तीने तक्रारदाराच्या कामाचे किंवा परीक्षेचे मूल्यमापन करू नये, अशी अंतरिम शिफारस समिती करू शकते. ती आपोआप होत नाही. तक्रार अर्जातच लेखी मागावी लागते. त्यासोबत गाइड बदलून मिळावा आणि प्रगती अहवाल संशोधन सल्लागार समितीपुढे (संशोधनाची प्रगती पाहणाऱ्या समितीपुढे) थेट ठेवता यावा, असेही लिहावे. चौकशी ९० दिवसांत संपणे अपेक्षित असले तरी फेलोशिपचा अहवाल तोवर खोळंबून चालत नाही, म्हणून सहीची सोय आधी. संदेश पुसू नयेत, तारखांसह जपून ठेवावेत आणि नकार दिल्यानंतर सही कशी अडली तो क्रम अर्जात मांडावा, कारण सत्तेचा गैरवापर त्या क्रमातूनच दिसतो.

निपाणीकर
‘आपला माणूस’ या मुद्द्यावर. १९५६ पासून सीमाप्रश्नासाठी आमच्या वडीलधाऱ्यांनी लाठ्या खाल्ल्या, तुरुंग भोगले. ती पुण्याई या गृहस्थांच्या कामी का यावी? भाचीसुद्धा मराठीच आहे, आणि सोसायला मात्र तिलाच सांगितले जाते. बदनामीचे भय खरे मानले तरी तक्रारदाराची ओळख व चौकशीचा तपशील जाहीर करण्यास कायद्याने मनाई आहे, म्हणून नातलगांच्या व्हॉट्सॲप गटावरही काही टाकू नका. अर्ज मराठीत लिहायचा असेल तर जरूर लिहावा, पण सोबत कन्नड किंवा इंग्रजी अनुवाद जोडावा, म्हणजे भाषेच्या सबबीवर कागद अडकणार नाही.

खानापूरची मावशी
पहिला संदेश दिवाळीच्या आधीचा आहे, त्याला तीन महिन्यांहून अधिक काळ झाला. आता उशीर झाला का? आणि पोलिसांकडे जावेच लागेल का?

निवृत्त प्राध्यापिका, धारवाड
घटनांची मालिका असेल तर तीन महिने शेवटच्या घटनेपासून मोजतात. त्याआधी अर्ज का करता आला नाही याचे कारण समितीला पटले तर आणखी तीन महिने वाढवता येतात. तरीही या आठवड्यातच अर्ज द्यावा आणि पोचपावती घ्यावी. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७५ खाली (लैंगिक छळाचा गुन्हा) पोलिसांत तक्रार करता येते, पण ती करावी की नाही हे तिने ठरवायचे. समितीकडे जाण्यासाठी पोलिस तक्रारीची अट नाही. अर्ज लिहिणे तिला जड जात असेल तर समितीनेच त्यात साहाय्य करायचे असते. तुम्ही सोबत जा, मात्र अर्जावर सही तिचीच असू द्या.