मदत हवी आहे: उभ्या गाडीची बॅटरी उतरते, फ्यूज काढूनही चोर सापडत नाही

रविवारी रात्री गाडी लावून तासाभराने मोजलं तेव्हा बॅटरी १२.६ व्होल्ट होती. बुधवारी सकाळी ११.९, आणि किल्ली फिरवली तर नुसतं टकटक टकटक. वडिलांना दवाखान्यात न्यायचं होतं, त्यामुळे जीव अगदी टांगणीला लागला.

बॅटरी ३५ अँपिअर-अवर क्षमतेची, आठ महिन्यांचीच आहे. चार्ज करून तीन दिवस घरात ठेवली तर १२.६ वरून हलली नाही. इंजिन चालू असताना १४.२ मिळतात. म्हणजे बंद गाडीतच काहीतरी करंट खातंय.

काल बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडवून केबल आणि बॅटरी यांच्यामध्ये करंट मोजायला मल्टीमीटर जोडला. बॉनेटचं लॉक स्क्रूड्रायव्हरने दाबून ठेवलं, म्हणजे गाडीला ते बंद वाटेल. दारं लॉक केली आणि पाऊण तास थांबलो. आकडा ४२० मिलिअँपिअरवर अडला! ५० च्या आत हवा ना? या हिशेबाने दिवसाला १० अँपिअर-अवर जातात.

मग दोन्ही बॉक्समधले फ्यूज एकेक करून काढले. आकडा जागचा हलला नाही. डिकीचा दिवा, म्युझिक सिस्टीम, सगळं बघून झालं.

आता संशय अल्टरनेटरवर (इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करतो तो) आहे, कारण त्याची जाड वायर या फ्यूजमधून जात नाही. त्यातला डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) लीक असला तरी चार्जिंग १४.२ दाखवू शकतं का? ती वायर सोडवून आकडा पडतो का बघणं पुरेसं आहे, की एखादा रिले (विजेवर चालणारा स्विच) चिकटलाय का ते आधी तपासू? ज्यांनी हे स्वतः शोधलंय त्यांनी कृपया सांगा.