सकाळी नाडी ५२ अन् रात्री ठोका गायब होतोय, पळणं बंद करू का?

गंगाखेडचा_पळ्या
राम राम मंडळी. पोलीस भरतीची तयारी करायलो, पहाटे ग्राउंडवर १६०० मीटर मारतो रोज. सकाळी उठल्या उठल्या मनगटावर नाडी मोजली तर ५२ भरायली, रूममधल्या बाकी पोरांची ७५ ते ८०. आणि दुसरं म्हणजे रात्री डाव्या कुशीवर पडलं की कधीमधी एक ठोका गायबच होतो आणि मग पुढचा असा धप्पकन येतो की झोप उडती. आई म्हणायली पळणं बंद कर, हार्ट ढिलं पडलंय तुझं. रूममधला एकजण म्हणतो मेंदूचा सिग्नल चुकतो. मला आधी हे सांगा की हार्ट नेमकं चालतं कशावर, आणि ठोका गायब होतो तेवढ्या टायमाला रक्त थांबतं का काय??

विहीर_मोटार_सेलू
भावा टेन्शन नको घेऊ. हार्ट म्हणजे पंपच. आपल्या विहिरीवरच्या मोटारीला खाली फूटव्हॉल्व्ह असतो ना, पाणी वर चढतं पण माघारी येत नाही, तसे हार्टात चार व्हॉल्व्ह असतात. लब-डब जो आवाज येतो तो व्हॉल्व्ह बंद व्हायचा. आणि करंट मेंदूतून येतो, तुझा मित्र बरोबर सांगायला.

झूलॉजी_मास्तर
सेलूकर भाऊ, व्हॉल्व्हचं एकदम बरोबर, पण करंटचं नाही. करंट हार्ट स्वतःच तयार करतं. उजव्या आलिंदाच्या भिंतीत वरच्या बाजूला पेशींचा एक बारका पुंजका आहे, एसए नोड म्हणतात त्याला, त्या पेशी कुणी न सांगता आपल्या आपण ठराविक वेळानं सिग्नल सोडतात. आम्ही शिकत होतो तेव्हा प्रॅक्टिकलला बेडूक असायचा, त्याचं हार्ट बाहेर काढून सलाईनमधे ठेवलं तरी बराच वेळ उडत राहायचं, मेंदूचा संबंधच तुटलेला असायचा तरी.

आता सिग्नल कसा फिरतो ते बघ. आधी वरचे दोन कप्पे, म्हणजे आलिंद, आवळतात. मग सिग्नल मधल्या एव्ही नोडपाशी येऊन साधारण ०.१ सेकंद अडतो, आणि मला विचारशील तर सगळ्या कारभारात हीच जागा सगळ्यात भारी आहे, कारण तेवढ्यात खालचे निलय पुरते भरून घेतात. दोन्ही एकदमच आवळले असते तर खाली रक्त उतरणार कधी? हा नोड तवारा नावाच्या जपानी माणसानं १९०६ साली दाखवला आणि एसए नोड त्याच्या पुढच्या वर्षी कीथ आणि फ्लॅक यांनी. तिथून सिग्नल खाली गेला की उजवा निलय फुफ्फुसाकडं आणि डावा सगळ्या अंगाला रक्त ढकलतो, म्हणून डाव्याची भिंत जास्त जाड.

मेंदू फक्त स्पीड कमीजास्त करतो. एसए नोडला मोकळं सोडलं तर तो मिनिटाला १०० च्या आसपास चालतो, आपण निवांत बसलो की व्हेगस नावाची नस त्याला ७० वर आणून ठेवते. हार्ट ट्रान्सप्लांटमधे या नसा कापल्या जातात (आपल्या देशात पहिलं यशस्वी १९९४ ला दिल्लीच्या एम्समधे डॉ. वेणुगोपाल यांनी केलं) तरी नवीन हार्ट चालतंच, फक्त बसल्या जागी पण नाडी जास्त राहते.

५२ चं म्हणशील तर हिशोब करून बघ. साध्या माणसाचं हार्ट एका ठोक्याला ७० मिली टाकतं, ७० ठोके म्हणजे मिनिटाला जवळपास ५ लिटर. पळून पळून तुझ्या हार्टाचा कप्पा मोठा झालेला, तो ९५ मिली टाकत असेल तर ५२ ठोक्यांत तेवढंच रक्त फिरतं. ढिलं कुठून पडलं? आईला सांग.

विहीर_मोटार_सेलू
बरं झालं सांगितलं सर. मग मोटारीला स्टार्टर आतच बसवलेला म्हणायचा 😄

सिस्टर_ताई
सरांनी ठोका गायब व्हायचं राहूनच गेलं. दादा, तो गायब होत नाही, उलट वेळेच्या आधी येतो. हार्टात दुसऱ्याच जागेवरून एक सिग्नल मधेच सुटतो, निलय अजून भरलेलाच नसतो त्यामुळं बाहेर पडतं थोडंसंच रक्त, ते मनगटापर्यंत जाणवत पण नाही. मग जरा गॅप पडतो. त्या गॅपमधे निलय नेहमीपेक्षा जास्त भरतो आणि जास्त ताणला की जास्त जोरात आवळतो, तोच तुझा धप्पकनवाला ठोका. रक्त पण थांबत नाही, महाधमनी ताणलेली असते ती आवळत आवळत पुढं ढकलत राहते. डाव्या कुशीवर हार्टाचं टोक बरगड्यांना टेकतं म्हणून तिथं जास्त कळतं. आमच्याकडं ईसीजीला असे लई जण येतात, जागरण, तंबाखू, उन्हात पळून पाणी न पिणं, बहुतेक असलंच काहीतरी निघतं. ग्राउंडच्या आधी ती पावडर घेतो का रे तू?

गंगाखेडचा_पळ्या
हाव ताई, अकॅडमीतली सगळीच पोरं घेतात, म्हणून मी पण. डब्यावर कॅफिन लिहिलंय.

सिस्टर_ताई
ती आधी बंद कर. आणि पळताना कधी चक्कर आली, डोळ्यापुढं अंधारी आली, छातीत दुखलं किंवा घरात कुणी कमी वयात अचानक गेलेलं असेल तर ग्राउंड थांबव आणि आधी दवाखाना गाठ. तसलं काही नसलं तरी ईसीजी काढूनच घे, सिव्हिलला होतो. पण नॉर्मल आला म्हणून लगेच घरी पळू नको, साधा ईसीजी १० सेकंदाचाच असतो, तेवढ्यात तो ठोका सापडेलच असं नाही. रात्री होतंय हे डॉक्टरांना नीट सांग, गरज वाटली तर ते २४ तासाचा होल्टर लावतील, अंगावर मशीन बांधून देतात, ते घालून झोपता येतं.